स्पर्श, मध्य, मोक्ष आणि गच्चीची किल्ली

आमच्या सोसायटीच्या गच्चीला एक कुलूप आणि दोन किल्ल्या आहेत. 7 सप्टेंबर 2025 च्या रविवारी त्यातली एक किल्ली गौरी-गणपतीला गावी गेलेल्या खजिनदारांच्या खिशात, देवगडात होती. दुसरी सेक्रेटरींच्या घरी होती. पण सेक्रेटरी अनंत चतुर्दशीची मिरवणूक आदल्या दुपारपासून लक्ष्मी रोडवर उभ्याने पाहून आले होते आणि कानात कापसाचे बोळे घालून झोपले होते. बेल त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. आणि इकडे रात्री 9 वाजून 57 मिनिटांनी चंद्राला स्पर्श होणार होता.

9:57 ही वेळच मुळात आपल्या सवयीची नाही. आपल्याकडे कार्यक्रम ‘ठीक सहा वाजता’ असतो आणि ठीक सहाला सतरंज्या घालायला घेतात. मुहूर्ताचं लग्न असलं तर भटजी घड्याळ बघतात, बाकीचे मांडवात चप्पल शोधतात. ग्रहणाला हे चालत नाही. पंचांगवाल्यांची आपापसात तिथीवरून, अधिक महिन्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली; पण ग्रहण हा त्यांचा बोर्डाचा पेपर. निकाल आकाशात लागतो, सगळ्या गावासमोर, आणि फेरतपासणीचा अर्ज नसतो. आईने सकाळीच कॅलेंडरचं मागचं पान चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचलं होतं : स्पर्श 9:57, संमीलन 11:01, मध्य 11:42, उन्मीलन 12:23, मोक्ष 1:27. “बघ,” ती म्हणाली, “मोक्षाचीसुद्धा वेळ दिलीय. तू मात्र दळण कधी आणणार ते सांगत नाहीस.”

दुपारीच वेध लागले. आमच्या घरात वेध कोणी पाळायचे यावर एकमत नाही, पण तुळशीवर आहे. साडेबारापर्यंत पाण्याच्या पिंपात, लोणच्याच्या बरणीत, पिठाच्या डब्यात, दह्यात, आणि फ्रीजमधल्या चीजच्या पाकिटावरही एकेक पान पडलं. वेध बालकांना, वृद्धांना आणि आजाऱ्यांना नसतात, त्यांना संध्याकाळपासूनच काय ते पाळायचं, असं आईने शास्त्र सांगितलं आणि लगेच अंमलबजावणी केली. चिरंजीव एकोणीस वर्षांचे असून बालक ठरले. ती स्वतः वृद्ध. मला ॲसिडिटी आहे म्हणून मी आजारी. राहिली बायको. ती म्हणाली, “म्हणजे या घरात धडधाकट मी एकटीच. ते मला माहीतच होतं.”

रात्री नऊला चिरंजीवांनी पिझ्झा मागवला. खोका उघडताच आईने वर तुळशीचं पान ठेवलं. तो ओरडायच्या बेतात होता, पण मी म्हटलं, अरे, इटलीत यावर जे पान घालतात ते तुळशीचंच भावंड. आजी आणि इटली यांचं इतकं पटलेलं त्याने प्रथमच पाहिलं.

साडेनऊला सेक्रेटरींच्या काकूंनी दार उघडलं आणि काकांच्या डाव्या कानातला बोळा काढून “किल्ली!” असं सांगितलं. काका उठले, पण किल्ली देण्याआधी त्यांनी रजिस्टर काढलं. गच्चीच्या किल्लीचं रजिस्टर हा आमच्या सोसायटीचा एकमेव अद्ययावत दस्तऐवज. त्यात ‘कारण’ नावाचा रकाना आहे. वरून खाली वाचत आलो : टाकी, टाकी, डिश, टाकी, कुरडया, टाकी. त्याखाली मी ‘चंद्रग्रहण’ लिहिलं. पुढचा रकाना ‘परत करण्याची वेळ’. मी 1:27 लिहिलं.

“अंदाजे?” काकांनी विचारलं.

“नाही, नक्की.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बोळा काढल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला असावा.

हे कुलूप पूर्वी नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या 31 डिसेंबरला वर कुणीतरी पार्टी केली आणि नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीत बूट सापडला. एकच. दुसरा कुठे गेला आणि माणूस घरी कसा गेला, यावर विशेष सर्वसाधारण सभा झाली. तेव्हापासून कुलूप, रजिस्टर, आणि दर 31 डिसेंबरला गच्ची पूर्ण बंद असा ठराव, सूचक-अनुमोदकासह.

वर गेलो तेव्हा 9:50 झाले होते. कॅमेरा माझाच, दहा वर्षांपूर्वी मुलाच्या मुंजीच्या निमित्ताने घेतलेला. 300 मिलिमीटरची लेन्स त्यानंतर एकदाच भरतपूरला उघडली होती. ट्रायपॉड मेहुण्याचा, तीनपैकी एका पायाला गुडघ्यात संधिवात. आता ज्यांनी चंद्राचा फोटो काढलेला नाही त्यांना वाटतं, एवढी मोठी दुर्बिणीसारखी लेन्स, म्हणजे चंद्र फ्रेमभर येणार. तसं नसतं. लेन्सच्या लांबीला साधारण 110 ने भागायचं, म्हणजे आत सेन्सरवर चंद्र केवढा पडतो ते कळतं. माझा पावणेतीन मिलिमीटरचा होता. तिळाएवढा. अख्खा पूर्ण चंद्र, त्याचे समुद्र, त्याचे डाग, सगळं एका तिळात. आणि भोवती काळ्या आकाशाचा अख्खा लाडू.

शिवाय तो तीळ स्थिर नाही. आकाश सरकतं ते असं, की चंद्र दर दोन मिनिटांनी स्वतःच्या रुंदीएवढा पुढे गेलेला असतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत बसवलेलं चार वर्षांचं मूल आठवा. बसवलं, मागे आलो, बटणावर बोट ठेवलं, की ते उठून गुलाबजामाकडे.

आणि त्या रात्री चंद्र होता बराच उंच. कॅमेरा आकाशाकडे नाक करून उभा, त्यामुळे डोळा लावायची खिडकी खाली, ट्रायपॉडच्या पोटाशी. गुडघे टेकले, पुरेना. कोपरं टेकली, पुरेना. शेवटी कुरडयांसाठी ठेवलेलं प्लॅस्टिक अंथरून मी उताणा झालो आणि डोकं कॅमेऱ्याखाली सरकवलं. याच वेळी बी-दोनचे जोशीबुवा (हे त्यांचं नाव नाही, कीर्तन करतात म्हणून आम्ही म्हणतो) गच्चीवर आले. उपरणं सावरत त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “साष्टांग पालथं घालतात.”

9:57 ला मी घड्याळ बघत होतो. चंद्राच्या डाव्या कडेला अगदी बारीक धूर बसल्यासारखं झालं. दोन मिनिटं खात्री होईना, मग झाली. ज्याने कुणी ते मिनिट काढलं, त्याला मी उताण्यानेच नमस्कार केला. आमचा नळ सकाळी सहाला येतो म्हणतात.

लोक जमू लागले. ग्रहण बघायला कमी, किल्ली मिळालीय म्हणून जास्त. कुणी गच्चीवरून आपलं गॅलरीतलं तुळशीवृंदावन कसं दिसतं ते पाहिलं. डी विंगच्या दोघी टाकीच्या झाकणावर बसून गौरीच्या साड्यांचा हिशेब करत होत्या. मुलांना चंद्राच्या घासाचा आकार सांगायचं काम जोशीबुवांनी घेतलं. “बघा, कड वाकडी आहे. कुठल्याही ग्रहणात, कुठल्याही बाजूने ती वाकडीच असते, म्हणजे सावली टाकणारी वस्तू चेंडूसारखी गोल. हे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने सांगितलं. आणि आपल्या आर्यभटाने इसवी सन 499 मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, चंद्राला पृथ्वीची सावली झाकते असं श्लोकात लिहून ठेवलं.”

“मग राहू?” सहावीतल्या एका मुलीने विचारलं.

बुवा कीर्तनातल्यासारखे थांबले. “राहूला कामावरून काढलं, पण घर काढून घेतलं नाही. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला पाच अंशांनी तिरकी आहे. त्या दोन वाटा जिथे छेदतात ती दोन ठिकाणं म्हणजे राहू-केतू. पौर्णिमा त्या ठिकाणाजवळ पडली तरच ग्रहण. नाहीतर चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नाही.” वेध पाळणारा, पर्वकाळात जप करणारा हा माणूस हे सांगतो याचं त्या मुलीला काही वाटलं नाही. मलाही नाही. पुण्यात एकाच डोक्यात दोन्ही भाडेकरू वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहतात, आणि मालकही कुठल्याच भाडेकरूला जागा खाली करायला सांगत नाही.

सव्वादहाला सोसायटीच्या ग्रुपवर खग्रासाचे फोटो येऊ लागले. खग्रास 11:01 ला होतं. लालभडक चंद्र, परातीएवढा, पुढे उडते बगळे, खाली “आत्ताच आमच्या भागातून टिपलेला!” सी विंगमधल्या एका काकांनी पाठवलेला. मी मान वळवून पाहिलं. सी विंगचा भाग आमच्यापासून चाळीस फुटांवर आहे. त्या फोटोला बावीस अंगठे मिळाले होते. आकाशातला चंद्र अजून निम्म्यावरही आला नव्हता.

चिरंजीवांनी त्यांचा नवा फोन वर धरला. याला चंद्र ओळखू येतो म्हणे. ओळखला. इतका ओळखला की जिथे सावली होती तिथेही त्याने आठवणीतून चंद्र भरून काढला, डागांसकट. स्वच्छ, पांढरा, पूर्ण. ग्रहण 1:27 ला सुटणार होतं, फोनने 10:20 लाच सोडवून टाकलं. “दे दान, सुटे गिराण” म्हणत पूर्वी गल्लीतून लोक फिरायचे, त्यांना एवढा लवकर परिणाम कधी मिळाला नसेल.

मग ढग आला. भाद्रपदातला पुण्याचा ढग हा पाहुण्यासारखा असतो, निघतो निघतो म्हणतो आणि दारात उभा राहून बोलतो. मला यात अनुभव आहे. 27 जुलै 2018 च्या रात्री या शतकातलं सर्वांत लांब खग्रास चंद्रग्रहण झालं, 1 तास 43 मिनिटांचं. ते मी संपूर्ण पाहिलं, छत्रीखालून, छत्रीच. 28 ऑक्टोबर 2023 ला तर कोजागरीलाच खंडग्रास आलं. मसाला दूध वेधाआधी प्यायचं, की चंद्र दाखवून प्यायचं, की तुळशीपत्र घालून रात्री दीडला प्यायचं, यावर एवढी चर्चा झाली की दुधाला तीन वेळा साय आली. शेवटी त्याची बासुंदी झाली आणि ती निर्विवाद होती.

या वेळी ढग दहा पंचावन्नला बाजूला झाला. मी पुन्हा उताणा. पूर्ण चंद्राला आयएसओ 100 आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो बत्तासा करून देतो. खग्रासात मात्र उजेड दहा हजार पटींहूनही जास्त खाली येतो. आयएसओ 1600, शटर दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत श्वास धरायचा, कुणी गच्चीवर चालायचं नाही. हे मी जाहीर केलं. लगेच टाकीच्या झाकणावरून एक मावशी “हो का?” म्हणून उतरल्या आणि स्लॅब हादरला.

11:01. शेवटची पांढरी किनार विझली.

ती विझल्यावर जे दिसलं त्याला फोटोची भाषा पुरत नाही, स्वयंपाकघराची पुरते. आजोळच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी चिंच लावून घासायचे, त्याच्या आदल्या दिवशी तो जसा दिसायचा, तसा चंद्र दिसत होता. खाली विझत चाललेल्या निखाऱ्याचा रंग, वर काजळी. सपाट थाळी एकदम गोळा झाली. हातात घेऊन वजन बघावंसं वाटावं असा. भोवती इतका वेळ चांदण्यात बुडालेले तारे वर आले. शेजारच्या बिल्डिंगचा हॅलोजन जळत होता तरी आले.

या रंगाचं मोजमाप फ्रेंच ज्योतिर्विद दांजाँ यांनी 1921 च्या सुमारास करून ठेवलं आहे. शून्य ते चार अशा पाच पायऱ्या : शून्य म्हणजे चंद्र जवळजवळ नाहीसा, चार म्हणजे लखलखीत तांबडा. 1991 मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ हवेत होती, म्हणून 1992 च्या डिसेंबरातलं ग्रहण फार काळं पडलं. वातावरणाची तब्येत अशी चंद्राच्या तोंडावर दिसते. मी हे सांगून टाकीवरच्या मंडळींना विचारलं, तुमच्या मते कितवी पायरी?

“हा विटकरी,” एक म्हणाली.

“विटकरी कसला? आमसुली आहे.”

“खाली आमसुली, वर गाजरी.”

“गाजरी नाही गं, माझी ती डाळिंबी इरकल बघ, दोनदा धुतल्यावरची.”

“आणि काठ चिंतामणी.”

मी उठून बसलो. काठ खरंच चिंतामणी होता. खग्रासाच्या सुरुवातीला आणि शेवटी कडेला निळसर छटा दिसते. सूर्याचा जो उजेड आपल्या हवेच्या वरच्या थरातून, ओझोनमधून जातो, त्यातला तांबडा रंग ओझोन खातो आणि निळा पुढे पाठवतो. हे मी वाचलेलं होतं. शेजारी उभ्या बाईंनी ते नुसत्या डोळ्यांनी, दुकानात पदर उलटून बघावा तसं बघून सांगितलं. दांजाँला पाच पायऱ्या पुरल्या, कारण त्याला कुणी लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला नेलं नव्हतं. आमच्या गच्चीवर दहा मिनिटांत एकोणीस झाल्या आणि दोन बदलून मिळणार नव्हत्या.

पावणेबाराला फोन वाजला. ऑकलंडहून भाची. “मामा, झोपलायस का? इकडे उजाडतंय.” मी म्हटलं, तुझं उजाडतंय तेच मी बघतोय. ती म्हणाली, म्हणजे? म्हटलं, चंद्राला हा जो तांबडा रंग आलाय तो पृथ्वीच्या कडेवरून वाकून गेलेला उजेड आहे. त्या क्षणी कडेवर कोण आहे? पश्चिमेला लंडनकडचे मावळतीवाले, पूर्वेला तुम्ही न्यूझीलंडचे उगवतीवाले. त्या सगळ्यांचं तांबडं एकत्र होऊन तिकडे पडलंय.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “इकडे ढग आहेत, मामा. मला काहीच दिसत नाहीये. आजीला दे.” आजीने तिला विचारलं, तिकडे वेध किती वाजता लागले.

दरम्यान कुणीतरी चंद्राच्या पूर्वेला दीड मुठीवर असलेल्या पिवळट ताऱ्याकडे बोट दाखवलं. मी अभिमानाने सांगून बसलो की तो शनि. हे सांगायला नको होतं. ग्रहण, राहू आणि वर शनि, असं एकत्र ऐकताच पाच मिनिटांत गच्ची निम्मी रिकामी झाली. जोशीबुवा जपाला गेले. स्लॅब स्थिर झाला. फोटोग्राफीच्या पुस्तकांत कंपन कमी करण्याचे बरेच उपाय असतात, हा नसतो.

12:23 ला उजेडाचा पहिला थेंब फुटला आणि त्याच मिनिटाला ढग परत आला. माझ्याकडे एकूण 212 फोटो जमले होते. त्यातले बहुतेक ढगाचे. चाळीस फोटोंत संधिवाताच्या पायाने हळूहळू बसकण मारल्यामुळे चंद्र केळ्याच्या आकाराचा झालाय, विठोबाच्या यात्रेत विकायला लावावा असा. वीस-पंचवीस फोटोंत फोकसची रिंग कुणाच्या तरी पदराने फिरवली असावी. त्यात गुलाबजाम दिसतो. एक फोटो मात्र आहे. डाळिंबी, काठ चिंतामणी, खाली डावीकडे एक बारीक तारा. तो मी ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. सी विंगच्या काकांनी लिहिलं : “छान प्रयत्न. आमच्या भागातून मोठा दिसला.”

फोटोवर बारीक अक्षरांत वेळ पडली होती : 1 जानेवारी, पहाटे 3:14. बॅटरी कित्येक वर्षं काढून ठेवलेली, घड्याळ शून्यावर गेलेलं. विश्वाच्या सावलीचं मिनिट ज्याने टिपलं त्याला महिना माहीत नव्हता.

1:27 ला ढगामागे, तर ढगामागे, मोक्ष झाला. आईने आंघोळ करून पिंपातली तुळशीची पानं काढली. मी किल्ली घेऊन खाली गेलो. काकांनी दार उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. 1:29. त्यांनी रजिस्टरात तेच लिहिलं आणि पुढे कंसात ‘उशीर’.

त्यानंतर मी पंचांगं, तक्ते सगळं चाळलं. 3 मार्च 2026 चं ग्रहण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत संपत आलेलं. त्यात जीव नाही. पण पुढचं एक भारी आहे. थंडीत, निरभ्र आकाशात, चंद्र डोक्यावर, खग्रास, मध्य रात्री 10:22 ला, झोपही मोडायला नको. तारीख 31 डिसेंबर 2028. मी लगेच कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, कारण ‘चंद्रग्रहण (खग्रास)’, आणि काकांना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग ठरावाची फाईल काढली.

“31 डिसेंबरला गच्ची बंद असते.”

म्हटलं, काका, ते माझ्या हातात नाही. चंद्राचं आहे.

“ठरावात अपवाद नाही. सुटतं किती वाजता?”

“रात्री 12 वाजून 6 मिनिटांनी.”

काकांनी फाईल मिटली, रजिस्टर ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं. “म्हणजे सहा मिनिटं एक तारखेत येतात. त्याला हरकत नाही. बारानंतर या, किल्ली घेऊन जा.”